साताऱ्यातली गुलामगिरी ‘कधी संपली’, हे विकिपीडियावर कसे लिहावे?

विट्याच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या वाचनालयातला एक छोटा गट मराठी विकिपीडियावर सातारा-सांगली भागातल्या गुलामगिरीचा आणि सुटकेचा लेख लिहितो आहे. लेखाची पहिली ओळ होती, ‘१८४३ साली सातारा जिल्ह्यातील गुलामगिरी कायद्याने बंद झाली.’ लेखावर ‘संदर्भ हवा’ आणि ‘मूळ संशोधन’ (म्हणजे छापील आधाराशिवायचे स्वतःचे निष्कर्ष) असे साचे, म्हणजे सूचनांच्या चौकटी, लागल्या, बराचसा मजकूर कोणीतरी परतवला, म्हणजे काढून टाकला, आणि चर्चा पानावर एकाने ‘आमच्या इतिहासाची बदनामी थांबवा’ असे लिहिले. गटातल्या एकाच्या जुन्या वाड्यात मोडी कागद आहेत, त्यांत कुणबीण, म्हणजे दासी, विकत घेतल्याचा उल्लेख आहे. तो कागद वापरता येईल का, आणि हा विषय विकिपीडियावर टिकेल का, असे त्या विचारतात.

ताई, विषय टिकेल आणि टिकायलाच हवा. मी बरीच वर्षे मराठी विकिपीडियावर या भागाच्या इतिहासाची पाने लिहितो आहे, कराड-साताऱ्याकडे नव्या लोकांना संपादन शिकवतो, मोडी वाचतो. साचे लागले म्हणून नाउमेद होऊ नका. कोणीतरी तुमचा लेख मन लावून वाचला आणि पुरावा मागितला, एवढाच त्याचा अर्थ. मात्र नुसते आणखी संदर्भ चिकटवून हे सुटणार नाही. तुमच्या पहिल्या ओळीत तीन प्रश्न एकत्र बांधले गेले आहेत: तेव्हा तिथे राज्य कोणाचे होते, कायदा कोणता होता, आणि त्या कायद्याने नेमके काय बंद केले. हे तिन्ही सुटे केले की लेख आपोआप उभा राहतो.

कायद्यापासून सुरू करू. ७ एप्रिल १८४३ चा तो पाचवा कायदा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखापुरता होता. त्यात चार गोष्टी होत्या. कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या किंवा सरकारी वसुलीच्या अंमलबजावणीत कोणाही माणसाला गुलाम म्हणून विकायचे नाही. गुलामावरच्या मालकी हक्काचा दावा कोणत्याही कोर्टाने ऐकायचा नाही. गुलाम आहे या कारणाने कोणाची स्वतः कमावलेली किंवा वारशाने आलेली मिळकत काढून घ्यायची नाही. आणि जे कृत्य मोकळ्या माणसाविरुद्ध केले तर गुन्हा ठरते, ते गुलामाविरुद्ध केले तरी गुन्हाच. नीट पाहा, यात गुलाम ठेवणे हा गुन्हा ठरवलेला नाही. सरकारने मालकाच्या पाठीवरचा हात काढून घेतला, एवढेच झाले. माणसाची खरेदी-विक्री गुन्हा ठरली ती भारतीय दंड विधानाच्या ३७० व्या आणि ३७१ व्या कलमांनी. ते विधान १८६० चे, अंमल १ जानेवारी १८६२ पासून. (३७० व्या कलमाचा मजकूर २०१३ च्या दुरुस्तीत पूर्ण बदलला आणि २०२४ मध्ये या विधानाची जागाच भारतीय न्याय संहितेने घेतली, त्यामुळे संदर्भ देताना मूळ १८६० चा पाठ द्या. आजच्या संकेतस्थळावरून उचलाल तर भलताच मजकूर येईल.)

याच जोडीला १८३३ चा उल्लेखही तुमच्या मसुद्यात असेल असा माझा अंदाज आहे, कारण तो सगळ्यांच्याच मसुद्यात असतो. ब्रिटिश पार्लमेंटच्या १८३३ च्या गुलामगिरी निर्मूलन कायद्यातून कंपनीचा मुलूख वगळला होता. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने (कंपनीची सनद पुढे चालू ठेवणाऱ्या कायद्याने) गव्हर्नर जनरलला भारतातील गुलामांची स्थिती सुधारण्याचे उपाय करायला सांगितले, मग कायदा आयोगाने चौकशी करून १८४१ मध्ये अहवाल दिला, आणि त्यानंतर १८४३ आले. ही साखळी दोन वाक्यांत लिहिता येते आणि ती लिहिली की ‘इंग्रजांनी १८३३ ला सगळीकडे गुलामगिरी संपवली’ हे वाक्य लेखात शिरत नाही.

आता राज्य कोणाचे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने सातारा संस्थान उभे राहिले. १८३९ साली प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवले आणि त्यांचे धाकटे बंधू शहाजी उर्फ आप्पासाहेब गादीवर आले. म्हणजे पाचवा कायदा झाला त्या दिवशी साताऱ्यात कंपनीचे राज्य नव्हते, छत्रपती शहाजींचे होते. ते एप्रिल १८४८ मध्ये वारले, दत्तक नामंजूर झाला आणि डलहौसीने १८४९ मध्ये संस्थान खालसा केले. ‘१८४३ साली साताऱ्यात’ हे शब्द म्हणूनच उभे राहत नाहीत.

सांगलीचे प्रकरण याहून वेगळे. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी १८०१ मध्ये मिरजेतून वेगळे होऊन सांगलीला बस्तान बसवले, आणि ते संस्थान १९४८ पर्यंत राहिले. दंड विधानसुद्धा तिथे आपोआप लागू नव्हते. संस्थानात कोणता नियम कधी आला, हे संस्थानाच्या स्वतःच्या जाहीरनाम्यांवरून आणि दफ्तरावरून ठरते, ब्रिटिश कायद्याच्या तारखेवरून नाही.

आणि तुमचे विटे? घोडे पेंड खाते ते इथेच, कारण आजचा सांगली जिल्हा हा इतिहासाच्या दृष्टीने एक मुलूखच नाही. १८८५ चे सातारा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, उघडा. त्यात वाई, जावळी, सातारा, कोरेगाव, खटाव, माण, कऱ्हाड, पाटण यांच्याबरोबर वाळवा, खानापूर आणि तासगाव हे तालुके सातारा जिल्ह्यात दिसतील. म्हणजे खानापूर तालुक्यातले विटे तेव्हा ब्रिटिश मुलखात. शेजारचे आटपाडी मात्र औंधच्या पंतप्रतिनिधींकडे. जत डफळ्यांचे संस्थान, मिरज पटवर्धनांच्या दोन पात्यांमध्ये, म्हणजे शाखांमध्ये, वाटलेले, फलटण निंबाळकरांचे. पुढे १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. तेव्हा ‘सांगली जिल्ह्यातील गुलामगिरी’ असे शीर्षक दिले की विट्यापासून काही कोसांवर असलेल्या आटपाडीचा कायदा वेगळा होता ही गोष्टच पुसली जाते.

म्हणून माझा पहिला सल्ला: तुमच्या मसुद्यातले प्रत्येक गाव एका यादीत लिहा आणि त्यासमोर १८१८, १८४३, १८४९ आणि १८६२ या चार वर्षी तिथे कोणाचा अंमल होता ते भरा. रटाळ वाटेल, पण एका दुपारचे काम आहे आणि त्यातूनच लेखाचा सांगाडा मिळतो. मग तुमची पहिली ओळ काहीशी अशी होते:

‘१८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनीच्या मुलखातील न्यायालयांनी गुलामांवरील मालकी हक्क मान्य करणे बंद केले. त्या वेळी सातारा हे छत्रपती शहाजी यांचे संस्थान होते. ते १८४९ मध्ये खालसा झाले. गुलामांची खरेदी-विक्री दंड विधानानुसार १८६२ पासून ब्रिटिश मुलखात गुन्हा ठरली. सांगली, मिरज, जत, औंध आणि फलटण ही संस्थाने या मुलखाबाहेर होती.’

पाच वाक्ये, प्रत्येकाला स्वतंत्र संदर्भ देता येतो, आणि एकही वाक्य संदर्भापेक्षा जास्त बोलत नाही. असे वाक्य परतवायला समोरच्यालाही पुरावा आणावा लागतो.

आता कायद्याच्या आधीचा काळ. तुमच्या लेखाचा खरा गाभा तो आहे, आणि मला वाटते की तुम्ही तिथे घाई केली आहे. सुटका समजायची तर आधी बंधन कसे होते ते वाचकाला दिसायला हवे. आपल्याकडच्या गुलामीचे चित्र शेतमळ्यांवरचे नाही. ती बहुतांशी बायकांची गुलामी होती आणि घराच्या, वाड्याच्या, सरकारी कोठीच्या आत होती. पेशवेकालीन कागदांत कुणबीण आणि बटीक हे दासीसाठीचे शब्द सतत येतात. (कुणबी जातीच्या बाईलाही कुणबीण म्हणत, त्यामुळे प्रत्येक उल्लेख आजूबाजूच्या मजकुरावरून पारखून घ्या. किंमत, खरेदी, नेमणूक, दास्यातून सोडल्याची चिठ्ठी यांपैकी काही असेल तरच तो दासीचा उल्लेख समजा.) या बायका कोठीत दळण-कांडण करत, थट्टीत गुरांचे शेणगोठे काढत, किल्ल्यांवर राबत. कोणी दुष्काळात पोटासाठी विकली गेलेली, कोणी मोहिमेत पकडून आणलेली, कोणी आईच दासी म्हणून जन्मतः दासी. आणि बदकर्माचा आरोप शाबीत झाला म्हणून सरकारने शिक्षा देऊन कुणबीण केलेल्या बायकाही त्यांत होत्या. हा शेवटचा प्रकार लेखात जरूर आणा. इथे राज्यसत्ता नुसती गुलामगिरी चालू देत नव्हती, ती स्वतः बायकांना गुलाम करत होती.

सुटकाही कायद्याच्या आधीपासून होती. म्हातारी झाली, काम होईना म्हणून सोडलेली कुणबीण, नातलगांनी रक्कम भरून सोडवलेली, बदली दुसरी बाई देऊन सोडवलेली, अशा नोंदी छापील साधनांत सापडतात. यातली बदलीची नोंद वाचताना मला दर वेळी थांबावे लागते. एकीची सुटका ही दुसरीची कैद. ‘मराठेशाहीत गुलामांना उदारपणे सोडत असत’ असे वाक्य लिहिण्याआधी ती नोंद पुन्हा वाचा.

साताऱ्यापुरते एक ठळक नाव द्यायचे तर विरूबाईंचे द्या. शाहू महाराज मोगलांच्या छावणीत असताना त्यांच्या लग्नाबरोबर त्या दासी म्हणून आल्या, पुढे साताऱ्यात महाराजांच्या वाड्याचा कारभार त्यांच्या हाती आला आणि फत्तेसिंह भोसल्यांना त्यांनी लहानाचे मोठे केले. फत्तेसिंहांपासून सुरू झालेल्या अक्कलकोटच्या घराण्याच्या इतिहासात त्यांचे नाव येते. दासी म्हणून आलेली बाई राजवाड्यात एवढी मोठी झाली हेही खरे, आणि कोठीत दळणाऱ्या शेकडो जणींना ते भाग्य नव्हते हेही खरे. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. विरूबाईंच्या उदाहरणावरून सगळ्यांचे बरे चालले होते असा निष्कर्ष काढू नका.

साधने कोणती वापरायची हा पुढचा प्रश्न. विकिपीडियाचा नियम सोपा आहे: छापून प्रसिद्ध झालेले, दुसऱ्या माणसाला पडताळता येणारे. आपल्या भाग्याने सातारकर छत्रपती आणि पेशवे यांच्या रोजनिशीतले उतारे गणेश चिमणाजी वाडांनी निवडले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत ते खंड छापून निघाले. पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत आले. हे सगळे प्रताधिकारमुक्त आहे, त्यामुळे तुम्ही त्यांची पाने विकिस्रोतावरही (विकिपीडियाच्या जुन्या ग्रंथांसाठीच्या भावंड-संकेतस्थळावर) चढवू शकता. पण लक्षात ठेवा, ही अव्वल साधने, म्हणजे त्या काळातले मूळ कागद, आहेत. ‘अमुक खंडात अमुक साली अमुक किल्ल्यावर कुणबिणी पाठवल्याची नोंद आहे’ एवढे तुम्ही त्यांच्या आधारे लिहू शकता. ‘यावरून दिसते की प्रत्येक किल्ल्यावर गुलाम होते’ हे लिहू शकत नाही, ते इतिहासकाराचे काम. त्यासाठी अभ्यासकांचे लेख लागतात. १७०० ते १८०० या काळातल्या पश्चिम भारतातल्या गुलामगिरीवर सुमित गुहा यांचा प्रदीर्घ लेख २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आशियातील गुलामगिरीवरच्या ग्रंथात आहे. तुमच्या लेखाचा कणा तो करा आणि रोजनिशीतल्या नोंदी त्याला मांस म्हणून लावा. वाईत मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे, त्याच्या नोंदी आधी वाचून घ्या, पण मजकूर उचलू नका आणि फक्त त्याच्यावर विसंबूनही राहू नका. एका कोशाने दुसऱ्या कोशाचा आधार घेणे कधीही कमकुवत.

तारखांबद्दल एक सावधगिरी. या कागदांत साल सुहूर सनात, म्हणजे मराठेशाहीच्या दफ्तरातल्या एका कालगणनेत, आणि तेही अरबी शब्दांत असते. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७१. त्यात ५९९ मिळवले की १७७० येते, पण सुहूर वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला लागते. म्हणून तो कागद जूननंतरचा असेल तर १७७० चा, जानेवारी ते मे मधला असेल तर १७७१ चा. महिना नीट लागत नसेल तर सरळ ‘१७७०-७१’ लिहा. फसली आणि शक यांचे गणित वेगळे असते, ते या हिशेबात मिसळू देऊ नका. कार्यशाळेत सगळ्यात जास्त गोंधळ मी इथेच पाहतो, आणि एकदा चुकीचे साल विकिपीडियावर गेले की ते दहा ठिकाणी नक्कल होते.

आता तुमचा वाड्यातला मोडी कागद. तो तसाच विकिपीडियावर संदर्भ म्हणून देता येणार नाही. वाचन कितीही अचूक असले तरी वाचक तो पडताळू शकत नाही. याचा अर्थ कागद निरुपयोगी आहे असा अजिबात नाही. उलट, तो तुमच्याकडचा सगळ्यात मोलाचा ऐवज आहे, फक्त त्याचा रस्ता वेगळा आहे. आधी त्याचे चांगल्या उजेडात, दोन्ही बाजूंनी, मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्या. कागद चिकटवू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. मग मोडी जाणणाऱ्या दोन जणांकडून स्वतंत्रपणे देवनागरी लिप्यंतर करून घ्या आणि जिथे त्यांचे वाचन जुळत नाही तिथे दोन्ही पाठ ठेवा. त्यानंतर तो इतिहासाच्या एखाद्या नियतकालिकात टिपणासह छापून आणा. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाची परंपरा १९१० पासूनची आहे, असे कागद प्रसिद्ध करणे हेच तिथले काम. छापून आला की तो पडताळता येतो, आणि मग विकिपीडियावर त्याचा संदर्भ देता येतो. छायाचित्र कॉमन्सवर (विकिपीडियाच्या चित्रांच्या खुल्या साठ्यात) चढवायचे की नाही हे मात्र पूर्णपणे त्या घराच्या इच्छेवर सोडा. घरातले सगळे भाऊबंद राजी आहेत का ते आधी विचारा. एकाने हो म्हटले आणि दुसऱ्याने कागद जाळून टाकला, असे होऊ देऊ नये.

यातून मी ज्या मुद्द्यावर सगळ्यात ठाम आहे तो येतो: नावे. जुन्या कागदात कुणबिणीचे पहिले नाव असते, कधी वय, कधी रंग, आणि किंमत. बापाचे नाव नाही, गाव क्वचित. छापील साधनात तिचे नाव असेल तर ते लेखात द्याच. ‘एक दासी’ असे लिहू नका. त्या बाईबद्दल उरलेली तेवढीच एक गोष्ट आहे आणि ती आपण गाळायची काही गरज नाही. विकत घेणाऱ्या सरदाराचे, कारकुनाचे नाव छापील असेल तर तेही द्या. पण तिच्या वंशजांकडे कधीही जाऊ नका. दासीपुत्रांच्या वंशाला आपल्या समाजाने जी हिणकस नावे ठेवली ती अजून गावागावांत जिवंत आहेत आणि लग्नाच्या बैठकीत काढली जातात. ‘अमुक आडनावाची घराणी मूळची अशी’ हे वाक्य कुठल्या जुन्या पुस्तकात छापलेले असले तरी तुमच्या लेखात येता कामा नये. गावातली तोंडी माहिती तर अजिबात नाही. असे वाक्य दुसऱ्या कोणी घातलेले दिसले तर लगेच काढा आणि चर्चा पानावर कारण लिहा.

बदनामीच्या आक्षेपाबद्दल. तो माणूस रागावला म्हणून त्याला झटकू नका. त्याने बहुधा शिवाजी महाराजांचा दाखला मनात धरला आहे, आणि तो दाखला खरा आहे. १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीत महाराजांनी डचांना दिलेल्या कौलात, म्हणजे व्यापाराच्या लेखी परवानगीत, तिथल्या माणसांना दास-दासी म्हणून विकत घेऊन बाहेर नेण्याला साफ मनाई केली होती. हे लेखात आलेच पाहिजे, आणि ठळकपणे आले पाहिजे, कारण त्या काळात परदेशी कंपनीला असे सुनावणारे राज्यकर्ते विरळा. त्याच वेळी तो कौल डच कंपनीच्या व्यापाराबद्दलचा आणि त्या मुलखापुरता होता, आणि पुढच्या शतकातल्या रोजनिशीत कुणबिणींच्या नोंदी आहेत, हेही लेखात राहिले पाहिजे. चर्चा पानावर त्या गृहस्थांना नम्रपणे लिहा: कौलाचा उत्तम संदर्भ आपणच द्यावा, आम्ही तो लेखात घेतो. माझा अनुभव असा की निम्मे विरोधक इथे सहकारी होतात. उरलेल्यांसाठी विशेषणे गाळा. ‘अमानुष’, ‘क्रूर’, ‘काळा डाग’ असे काही लिहू नका. नोंद स्वतः बोलते.

लेखाची हद्द कुठवर, हे थोडे तुमच्या गटाच्या ताकदीवर अवलंबून आहे. तरी काही गोष्टी मी वेगळ्या ठेवीन. वेठबिगार, महार वतनाखालची सक्तीची कामे, देवदासी प्रथा हे सगळे जवळचे विषय आहेत, पण त्यांचा कायदा वेगळा आणि लढा वेगळा. वतनाच्या सुधारणेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, कनिष्ठ गावकामगार वतने १९५८ च्या कायद्याने गेली, बिगारीला घटनेच्या २३ व्या कलमाने मनाई आहे आणि वेठबिगारीवर १९७६ चा कायदा आहे. हे सगळे ‘गुलामगिरी’ या एका मथळ्याखाली कोंबले तर प्रत्येकाचा इतिहास पातळ होतो. ‘हेही पाहा’मध्ये दुवे द्या, तेवढे पुरे.

महात्मा फुल्यांचा १८७३ चा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ मात्र लेखात हवा, आणि तो योग्य जागी हवा. फुल्यांचे मूळ गाव कटगुण, खटाव तालुक्यातले, म्हणजे हा तुमच्या दाराशी असलेला धागा आहे. अमेरिकेतल्या निग्रोंना गुलामीतून मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना त्यांनी तो ग्रंथ अर्पण केला. पण त्यांचा विषय शूद्रातिशूद्रांवरची जातीची गुलामी हा आहे, कुणबिणींची खरेदी-विक्री नाही. म्हणून ग्रंथाचा उल्लेख ‘विचार आणि परिणाम’ अशा भागात करा. ‘फुल्यांनी साताऱ्यातली गुलामगिरी संपवली’ असे कोणीतरी उत्साहाने लिहीलच, तिकडे लक्ष ठेवा.

असाच दुसरा मोहाचा धागा बार्टल फ्रिअर यांचा. हे १८४७ मध्ये साताऱ्याच्या दरबारी रेसिडेंट, म्हणजे कंपनीचे प्रतिनिधी, होते, खालसा होताना इथला कारभार त्यांच्याकडे होता, आणि पुढे १८७२-७३ मध्ये झांजिबारच्या सुलतानाकडे गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या कामगिरीवर गेले. वाचायला छान जुळते. पण करारावर सही झाली ती ५ जून १८७३ ला, फ्रिअर परत फिरल्यानंतर, जॉन कर्क यांच्या हातून. आणि या सगळ्याचा साताऱ्यातल्या कुणबिणींशी संबंध नाही. समुद्रावर सोडवलेल्या आफ्रिकी मुलांची वस्ती आणि शाळा नाशिकजवळ शरणपूरला होती. आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या पार्थिवासोबत १८७४ मध्ये इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट त्याच शाळेतला. हा फार मोठा इतिहास आहे, तो नाशिकच्या पानावर लिहा. साताऱ्याच्या पानात फ्रिअरसाठी एक वाक्य पुरे. तसेच इंग्रजी लेखातून साखळदंडांची आणि जहाजांची चित्रे आणून इथे लावू नका. त्या चित्रांनी वाचकाच्या डोळ्यांपुढे अटलांटिक उभा राहतो, आणि साताऱ्याच्या कोठीत दळणारी बाई पुन्हा अदृश्य होते. रोजनिशीच्या पानाचे छायाचित्र लावा.

आता कामाचा क्रम. स्वतंत्र मोठा लेख सध्या धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या कच्च्या मसुद्याच्या पानावर, ठेवा. आधी जी पाने आहेत, म्हणजे सातारा संस्थान, सांगली संस्थान, १८४३ चा कायदा, शाहू महाराज, त्यांत दोन-दोन तीन-तीन वाक्यांची, संदर्भ जोडलेली भर घाला. अशी छोटी भर सहसा टिकते, नजरेखालून जाते, सुधारली जाते, आणि त्यातून तुमच्या गटाची ओळख आणि विश्वास तयार होतो. मुख्य लेख प्रसिद्ध करण्याआधी चर्चा पानावर साधनांची यादी मांडा आणि ज्यांनी साचे लावले त्या संपादकांनाच पाहायला बोलवा. गटात कामे वाटून घ्या: एकाने गावांची आणि अंमलाची यादी, एकाने रोजनिशीच्या खंडांतल्या नोंदी पान क्रमांकासह, एकाने कायद्यांचे मूळ पाठ, आणि ज्यांना मोडी येते त्यांनी फक्त मोडी. पान क्रमांकाशिवाय एकही नोंद वहीत घ्यायची नाही, एवढा एक नियम पहिल्या दिवसापासून पाळा. सहा महिन्यांनी तोच खंड पुन्हा चाळत बसण्याची वेळ येत नाही.

शीर्षकासाठी माझी सूचना ‘सातारा व दक्षिण मराठा संस्थानांतील गुलामगिरी’ अशी आहे. ‘सांगली जिल्ह्यातील गुलामगिरी’ आणि ‘कुणबीण (दासी)’ या नावांची पुनर्निर्देशने (आपोआप दुसऱ्या पानावर नेणारी पाने) त्याकडे वळवा, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. तुमची गावांची यादी तयार झाली की इथेच टाका. आटपाडी आणि तासगावच्या नोंदी मी माझ्याकडच्या गॅझेटियरशी ताडून देतो.